सव्वाशेच्या आत

मर्ल टॉस्त्रूद आठवडाभर कानाची यंत्रं विकायचा आणि रविवारी पिस्तूल चालवायचा. हे दोन उद्योग एकमेकांना पूरक आहेत असं त्याचे मित्र म्हणत. तेच मित्र त्याचे गिऱ्हाईकही असल्यामुळे हे ते जरा मोठ्याने म्हणत.

त्याचं खरं कर्तृत्व मात्र दुकानात नव्हतं, गॅरेजात होतं. तिथे बाकावर बोल्टांनी घट्ट बसवलेलं काडतुसं भरायचं यंत्र होतं. वापरलेली पितळी पुंगळी घ्यायची, तिच्या बुडातली जळकी टिकली काढून नवी ठोकायची, मापून दारू घालायची, वर गोळी बसवायची आणि दांडा खाली ओढायचा. काडतुसं बाजारात तयार मिळतात आणि त्यांनी काम भागतं. पण नुसतं काम भागवायचं असतं, तर नॉर्थ डकोटातल्या निम्म्या नवऱ्यांना गॅरेजमध्ये जाऊन बसायला निमित्तच उरलं नसतं.

या खेळात वेळ आणि नेम दोन्ही मोजतात. काडतूस जितकं हलकं भरावं तितका हाताला दणका कमी बसतो आणि पिस्तूल तितकं लवकर पुन्हा निशाण्यावर येतं. मग लोक भुसनळे भरून आणतील, म्हणून नियम केलेला आहे: गोळीचं वजन आणि तिचा वेग यांचा गुणाकार करून हजाराने भागलं की उत्तर सव्वाशेच्या खाली जाता कामा नये. असा नियम केला की माणसं काय करतात ते आपल्याला शाळेपासून ठाऊक आहे. पस्तीसला पास म्हटलं की छत्तीसचा अभ्यास होतो. राज्याच्या स्पर्धेला येणारा प्रत्येक जण महागडं पिस्तूल, त्यावर लाल ठिपक्याची दुर्बीण, कमरेला उघडं होल्स्टर आणि मुठीला सॅंडपेपर लावून येतो, आणि त्या सगळ्यात सव्वाशेच्या किंचित वर राहील एवढीच दारू घालून येतो.

मर्लची बायको कोरिन यातलं काही करत नसे. ती गावाबाहेरच्या रस्त्यांवर टपाल वाटायची. पंचवीसेक वर्षं गाडीच्या खिडकीतून उजवा हात बाहेर काढून तिने लोकांच्या पेट्यांत पत्रं टाकली होती, आणि उरलेल्या वेळात त्याच हाताने राज्यातल्या बहुतेक पुरुषांना हरवलं होतं. पिस्तूल साधंच होतं. दुर्बीण मर्लने बळेच बसवून दिलेली. दोन वर्षांपूर्वी चाप हलका व्हावा म्हणून त्याने तिला न सांगता आतली स्प्रिंगही बदलली होती. भर स्पर्धेत पिस्तुलाचा नुसता टकटक आवाज आला आणि गोळी काही सुटली नाही. कोरिन आरडाओरडा करणारी बाई नाही. ती एवढंच म्हणाली की यापुढे माझ्या भल्याचा विचार मनात आला तर आधी मला विचार. हे ती इतक्या शांतपणे म्हणाली की मर्लने कित्येक दिवस दूध आणतानाही तिला विचारलं.

या वर्षी तिचं उजवं मनगट गेलं. आतली गादी झिजून हाडाला हाड लागत होतं. फार्गोच्या डॉक्टरने सांगितलं की ऑक्टोबरात आत धातूची पट्टी घालून हाडं एकमेकांना जोडून टाकू. मग मनगट दुखणार नाही. वळणारही नाही. म्हणजे सप्टेंबरातली राज्यस्पर्धा ही तिची शेवटची. महिलांच्या गटात ती सलग काही वर्षं दुसरी आली होती, मिनॉटहून येणाऱ्या एका दंतवैद्य बाईच्या मागे. एकदा पहिली यायचं आणि मग काय ती पट्टी घालून घ्यायची, असं तिने ठरवलं होतं. सरावाहून आली की ती मनगटाला मलम चोळून ते गोठवलेल्या मटारच्या पिशवीवर ठेवून बसे. मर्ल जवळ गेला की टीव्हीचा आवाज वाढवी.

मर्लला ते बघवेना. त्याने स्पर्धेसाठी वेगळी काडतुसं भरली, नेहमीपेक्षा हलकी. तिला सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर तिने नाही म्हटलं असतं, आणि नाही म्हटल्यावर करणं बरं दिसलं नसतं. वेग मात्र त्याने काटेकोर तपासला. सव्वाशेच्या वर हवा तेवढा भरला. तिचं पिस्तूल तपासणीला नेलं असतं तर तिने कारण विचारलं असतं, म्हणून त्याने स्वतःच्या पिस्तुलातून तपासला.

शनिवारी सकाळी मैदानावर दहिवर पडलं होतं आणि वारा कॅनडातून सरळ येत होता, वाटेत त्याला अडवायला कोणी नव्हतं. पहिल्याच फेरीच्या आधी वेगमापकवाले लोक तुकडीकडे आले आणि प्रत्येकाच्या पट्ट्यावरच्या मॅगझिनांतून आठ-आठ काडतुसं काढून, नाव लिहिलेल्या पिशव्यांत घालून घेऊन गेले. तुकडीचा तपासणीचा नंबर दुपारनंतर होता. ही रीतच आहे: काडतुसं सकाळी जातात, निकाल नंतर लागतो, मधल्या वेळात खेळाडूने खेळायचं.

आणि कोरिन खेळली. दुसऱ्या फेरीनंतर ती मर्लकडे आली तेव्हा तिच्या चेहऱ्यावर एक अनोळखी भाव होता. मर्लला जरा वेळाने कळलं की तो आनंद आहे.

"मर्ल, दुखत नाहीये," ती हळूच म्हणाली.

थंडीने बधिर झालं असेल, असं मर्ल म्हणाला.

"बधिर काय, उलट थंडीत जास्त दुखतं. बघ." तिने मनगट वळवून दाखवलं. "त्या मलमाने गुण दिला वाटतं. मी सोमवारी डॉक्टरला फोन करते. घाई कशाला करायची? वर्षभर थांबू म्हणते."

मर्लने हं केलं. मलम खरोखर चांगलं आहे असंही म्हणाला. आपण दोन वाक्यांत दोन पापं केली हे त्याला कळलं, पण तिसरं न करता यातून बाहेर कसं पडायचं ते कळेना.

चर्चच्या बायकांच्या तंबूत तो खिम्याचा बन घेऊन बसला होता तेव्हा ड्वेन विक आला. ड्वेन त्याचा जुना मित्र, डाव्या कानाचं गिऱ्हाईक. त्याची तुकडी तपासणीहून परतली होती. बसायच्या आधी त्याने बाकाला एक लाथ मारली.

"नापास," तो म्हणाला. "दिवसभराचे गुण शून्य. खेळा म्हणतात, पण मोजणार नाही म्हणतात."

मर्लने विचारलं, घरी तपासली नव्हतीस का.

"तपासली की. घरी धडधडीत पास होती. पण उन्हाळ्यात मी नळी बदलली ना, तपासली ती जुन्या नळीतून. एका नळीतून जोरात जाते ती दुसरीतून रांगते, हे शेंबड्या पोराला ठाऊक असतं. मला ठाऊक नव्हतं का? होतं. पण गाढवाला गाढवपणा शिकवावा लागत नाही." त्याने मर्लच्या बनाकडे बघितलं. "तू खात नाहीस का तो?"

मर्लने बन त्याला देऊन टाकला.

स्वतःचं पिस्तूल त्याने मोठ्या हौसेने घेतलेलं होतं. त्याची नळी कोरिनच्या नळीपेक्षा अंगठ्याच्या नखाएवढी लांब होती आणि आतून घट्ट होती. ती घट्ट आहे, म्हणून गोळी जास्त वेगाने जाते, म्हणूनच तर त्याने ते घेतलं होतं. विकणाऱ्याने त्याला हे अर्धा तास समजावून सांगितलं होतं, आणि नंतर मर्लने ते भेटेल त्याला समजावून सांगितलं होतं.

तो कोरिनच्या फेऱ्या बघायला परत गेला. बघण्यासारख्याच होत्या. टायमरची शिट्टी झाली की ती अशी निघायची जशी घरातली बाई उकळत्या दुधाकडे निघते: पळत नाही, पण वेळेवर पोचते. पंच एकेका निशाण्यापाशी "दोन अल्फा, दोन अल्फा" म्हणत जायचा, म्हणजे दोन्ही गोळ्या मधल्या चौकटीत. गुण लगेच फोनवर दिसत. ती दंतवैद्य बाईच्या पुढे होती आणि हळूहळू आणखी पुढे जात होती. तुकडीतली माणसं टाळ्या वाजवत होती. मर्लही वाजवत होता. इतकी वर्षं ती जिंकावी म्हणून त्याने देवाची विनवणी केली होती. आता एखाद-दुसरी गोळी चुकू दे, आपोआपच मागे पडू दे, अशी विनवणी तो करत होता. देवाने जुनाच अर्ज मंजूर केलेला दिसत होता.

तिला सांगावं का? सांगितलं तर उरलेल्या फेऱ्या बिघडतील. नाही सांगितलं तर बिघडणार नाहीत, पण उपयोग काय? काडतुसं तर पिशवीत गेली होती. आणि तो चूक असेल तर? कदाचित तिची नळी बरी असेल. कदाचित दुपारी ऊन पडेल, दारू तापेल आणि वेग वाढेल. मर्लने आभाळाकडे बघितलं. आभाळात ऊन द्यायची कसलीही तयारी दिसत नव्हती.

मग त्याला आठवलं की त्याच्या खोक्यात जुनी काडतुसं आहेत, पूर्ण भरलेली. तीच पितळ, तीच गोळी, तोच रंग. बाहेरून कोणाच्या बापाला फरक कळला नसता. त्याने त्यातली आठ काढून कोटाच्या खिशात घातली आणि वेगमापकाच्या तंबूकडे गेला. काय करणार हे त्याने मनाशी ठरवलं नव्हतं. पाय मात्र न विचारता गेले.

तंबूत ऑरिन फेस्क एकटाच होता. जुना, प्रामाणिक, दोन्ही कानांचं गिऱ्हाईक. समोर टेबलावर पिशव्यांचं खोकं होतं आणि वरच कोरिनच्या नावाची पिशवी होती. ऑरिनने विचारलं की उजव्या कानाच्या यंत्रात शिट्टी वाजते त्याचं काय करायचं. मर्लने ते काढून पुसून पुन्हा बसवून दिलं. ऑरिन खूश झाला.

"बरं झालं आलास, लेका," तो म्हणाला. "सकाळपासून लघवीला गेलो नाही. दोन मिनिटं या खोक्याकडे बघ. कोणाला हात लावू देऊ नकोस हं, माणसांचा काही भरवसा नाही."

आणि तो गेला.

मर्लने खोक्याकडे बघितलं. खिशात हात घातला, काडतुसं मुठीत धरली. पिशवीला साधी चिमटीने उघडणारी कड होती. ती उघडायची, ओतायची, घालायची, दाबायची. त्याने आयुष्यात याहून अवघड कामं रोज केली होती. कोरिन पहिली येईल. ढाल घेऊन घरी येईल. सोमवारी डॉक्टरला फोन करून सांगेल की मनगट बरं झालं, आणि पुढच्या आठवड्यात जुनी काडतुसं घेऊन सरावाला जाईल. मग काय करायचं? आयुष्यभर हलकी भरायची? म्हातारपणी तिला कागदाच्या गोळ्या द्यायच्या?

माणूस एवढ्यात धर्मात्मा होत नाही. एक वेळ मर्लने ते केलंही असतं. पण तिच्या पाठीमागे तिच्यासाठी पुन्हा एक गोष्ट करायची म्हटल्यावर त्याने काडतुसं खिशातच सोडली आणि हात बाहेर काढला. एक तरुण स्पर्धक तंबूत डोकावला आणि टेबलाजवळ येऊ लागला, तर मर्ल त्याच्या अंगावर वसकन ओरडला की लांब हो, हात लावायचा नाही. ऑरिन परत आला तेव्हा मर्ल खोक्यासमोर छाती काढून उभा होता आणि त्याचे डोळे ओले होते. ऑरिनने वाऱ्याला शिव्या दिल्या.

दुपारनंतर त्यांची तुकडी तंबूपाशी जमली. कोरिनचा नंबर आला तेव्हा ती हसत पुढे गेली आणि पिस्तूल ऑरिनच्या हवाली केलं. ऑरिनने पिशवीतल्या एका काडतुसाची गोळी उपटून तोलली, वजन लिहिलं. मग तिच्याच पिस्तुलातून तीन झाडली. यंत्राने वेग दाखवला. ऑरिनने गणित केलं, पुन्हा केलं आणि आणखी तीन झाडली.

"एकशे चोवीस," तो म्हणाला. "वर थोडंसं. पण एकशे चोवीसच."

कोरिनला वाटलं यंत्र बिघडलं असेल. ऑरिनने सांगितलं की यंत्र बरं आहे, सकाळपासून याच यंत्राने निम्म्या लोकांना पास केलंय. मग त्याने शेवटचं काडतूस उचलून धरलं.

"हे एक उरलंय, कोरिन. नियम तुला ठाऊक आहे. म्हणशील तर गोळी उपटून तोलतो, जास्त वजनाची निघाली तर ते वजन धरू. नाहीतर झाडतो, जास्त वेगाने गेली तर तो वेग धरू. दोन्ही करता येत नाही. तू सांग."

कोरिन मर्लकडे वळली. "काडतुसं तू भरलीस. तोलायची की झाडायची?"

"फरक पडणार नाही," तो म्हणाला.

"पडेल की. एखादी जड असेल त्यात."

"नाही. सगळ्या मी एकेक तोलून घेतल्यात. जड-हलक्या बाजूला काढल्या."

"मग झाडू दे त्याला."

"दारूही एकेक मापून घातलीय."

ऑरिनने मान डोलावली. त्याला वाटलं, आता काहीतरी चांगलं बोलायला हवं. "खरं सांगू का, सहाच्या सहा जवळपास एका वेगाने गेल्यात. इतकी वर्षं हे काम करतोय, इतकी एकसारखी काडतुसं पाहिली नाहीत. बाकीचे गचाळ भरतात, म्हणून त्यांची एखादी तरी चुकून वर जाते. ही जाणार नाही. फार सुंदर काम आहे, मर्ल."

कोरिन हे ऐकत होती, पण बघत मर्लकडे होती.

"नेहमीएवढीच घातलीस ना?"

"नाही."

"किती कमी?"

त्याने सांगितलं. तिने आपला उजवा हात वर करून बघितला, जसं टपालात आलेलं दुसऱ्याच्या नावाचं पाकीट बघावं तसा.

"म्हणजे ते बरं झालं नव्हतं," ती म्हणाली.

मलमाची गोष्ट आठवून मर्लने मान खाली घातली.

"झाड," कोरिन ऑरिनला म्हणाली. "निदान आवाज तरी होऊ दे."

आवाज झाला. एकशे चोवीसच. ऑरिनने कागदावर लिहिलं, तिने डाव्या हाताने सही केली. उरलेल्या दोन फेऱ्या खेळायची मुभा आहे, फक्त गुण धरले जाणार नाहीत, हे त्याने नियमाप्रमाणे सांगितलं. मर्लच्या हातातल्या फोनवर महिलांच्या यादीत तिचं नाव सगळ्यात वरून नाहीसं झालं. सगळ्यांच्या एकत्र यादीत खाली, अगदी खाली शोधलं तेव्हा सापडलं. ड्वेनच्या जरा वर, तेही आडनावाच्या अक्षरामुळे.

गाडीपाशी मर्लने बोलायचा प्रयत्न केला. मटारच्या पिशवीबद्दल बोलला, टीव्हीच्या आवाजाबद्दल बोलला, आपल्याला बघवत नव्हतं असं म्हणाला. सगळं खरं होतं आणि त्यातलं काहीही उपयोगाचं नव्हतं. कोरिन मॅगझिनांतून काडतुसं अंगठ्याने एकेक काढून गाडीच्या टपावर ठेवत होती. सगळी काढून झाल्यावर ती ड्वेनकडे गेली. नापास झाल्यापासून ड्वेन रागाने दुकानातली काडतुसं घेऊन खेळत होता, तीही त्यातली जहाल. तिने त्यातलं एक खोकं मागून घेतलं.

मर्ल म्हणाला की ती फार दणका देतात.

"कळू दे मला," ती म्हणाली. "माझं मनगट किती दुखतं ते तुला ठाऊक आहे, डॉक्टरला ठाऊक आहे. मलाच आज सकाळपासून ठाऊक नव्हतं."

"गुणसुद्धा मिळणार नाहीत त्याचे."

"गुण तू घेतलेस की."

उरलेल्या दोनपैकी पहिली फेरी ती खेळली. दर गोळीला पिस्तूल उसळायचं आणि तो दणका तिच्या मनगटातून कोपरापर्यंत जाताना मर्लला दिसायचा. तिचे ओठ पांढरे पडले होते. पण पिस्तूल प्रत्येक वेळी जिथे यायला हवं तिथेच परत आलं, थोडं उशिरा, पण तिथेच. गुण धरायचे नसले तरी पंचाची सवय सुटत नव्हती. तो "दोन अल्फा, दोन अल्फा" म्हणत गेला, आणि लिहिणाऱ्याने काही लिहिलं नाही.

शेवटच्या फेरीला तुकडीतल्या कोणीच टाळ्या वाजवल्या नाहीत. कशाला वाजवायच्या ते कळत नव्हतं. फेरी संपल्यावर कोरिनने पिस्तूल रिकामं करून दाखवलं आणि ते होल्स्टरमध्ये ठेवायला तिला दोन्ही हात लागले.

मर्ल तिच्यापाशी गेला. "दुखतंय?"

"हो," ती म्हणाली. तक्रार नव्हती. वेळ विचारली आणि सांगितली, तसं. मग ती म्हणाली, "जा, भोकं बुजव. पुढचा थांबलाय."

खेळून झालं की तुकडीतल्या माणसांनी निशाण्यांवरची भोकं चिकटपट्टीचे तुकडे लावून बुजवायची असतात, म्हणजे पुढच्याला निशाणा कोरा मिळतो. मर्ल पट्टीचं रीळ घेऊन पुठ्ठ्यांच्या रांगेत गेला. वाऱ्यात तुकडे बोटांना चिकटत होते. पहिल्या पुठ्ठ्यावर मधल्या चौकटीत दोन भोकं होती, इतकी जवळ की एकाच तुकड्यात दोन्ही झाकली गेली. दुसऱ्यावर तसंच. तो वाकून एकेक बुजवत गेला. नेहमीची काडतुसं दिली असती तर काय झालं असतं, ते ढळढळीत समोर होतं, आणि ते पुसून टाकायचं काम त्याच्याकडे आलं होतं.

रांगेच्या टोकाला पोचून त्याने मागे वळून बघितलं. सगळे पुठ्ठे कोरे दिसत होते. पंचाने पुढच्या माणसाचं नाव पुकारलं.